कंपोझिट की ग्लास आयोनोमर?

किडलेला दात भरायची ही दोन द्रव्यं. त्यातलं कंपोझिट दिसायला देखणं, यात वाद नाही. चावण्याचा जोरही ते जास्त सोसतं, म्हणून मोठ्यांच्या दाढेसाठी मी त्याच्याच बाजूने. पण त्याचे सोपस्कार फार. आधी फॉस्फोरिक आम्ल लावून धुवायचं, मग बाँडिंग, म्हणजे भरण दाताला चिकटवणारा द्रव, मग साधारण २ मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करायचा. मध्येच लाळ शिरली की पकड गेलीच. शिवाय घट्ट होताना ते किंचित आकसतं, आणि कडेला फट पडू शकते. हे तपासायला प्रयोगशाळेत भरलेले दात ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात, रंगात ठेवतात, मग उभे कापतात. भरणाच्या कडेने आत उतरलेली रंगाची बारीक रेघ एकदा पाहिली, की त्या फटीचं गांभीर्य नीट कळतं.

विल्सन आणि केंट या संशोधकांनी १९७२ मध्ये मांडलेलं ग्लास आयोनोमर दातातल्या कॅल्शियमला थेट रासायनिकरीत्या धरतं आणि फ्लोराइडही सोडतं. झिजतं मात्र लवकर, चकाकीही कमी. तरी रडणाऱ्या, तोंड मिटणाऱ्या मुलाच्या दुधाच्या दाताला, किंवा हिरडीलगतच्या ओलसर खड्ड्याला, मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.