सैन्य परत न्यावं की ठेवावं?

पार्क चौकात चहा घेता घेता वाद पेटला: अमेरिकेनं दोस्तांकडचं सैन्य कमी करावं का? अण्णा म्हणाले, "करावंच. दुसऱ्याच्या दारात पहारा कशाला? पैसा तरी वाचेल."

वाचेल? २०२० मध्ये जर्मनीतून सुमारे १२,००० सैनिक हलवायचं ठरलं, त्यातले जवळपास निम्मे युरोपातच दुसरीकडे जाणार होते. २०२१ मध्ये बायडेन यांनी बेत थांबवला.

ठेवण्याची बाजू मला जड वाटते. इराक-अफगाणिस्तानातले जखमी जवान आधी जर्मनीतल्या रामस्टाइन या अमेरिकी हवाई तळावर उतरत, मग शेजारच्या लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात. म्हणजे तळ एकट्या जर्मनीच्या कामाचा नाही. दक्षिण कोरियात सुमारे २८,५०० सैनिक. तिथल्या कॅम्प हम्फ्रीज या अमेरिकी लष्करी तळाच्या विस्ताराचा बहुतांश खर्च कोरियानंच उचलला. मग फुकटचा पहारा कुठला, अण्णा? युरोपात थोडं घटवा हवं तर, कोरियात नको.