टाटामोबाईलचा हौदा सोलापुरातच बनवून घेतला, त्याचा अनुभव

आमची टाटामोबाईल 206 ही पिकअप गाडी 1990 ची. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) हे मॉडेल 1988 साली आणलं. आमच्या गाडीने वीस-बावीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांवरून चादरींचे गठ्ठे वाहिले. गठ्ठ्यांना खालून ओल लागू नये म्हणून दादांनी हौद्यात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागात, रबरी मॅट टाकली होती, तीच नडली. पावसाचं पाणी मॅटखाली साचत राहिलं. मागच्या वर्षी मॅट उचलली तर तळाचा पत्रा पापडासारखा हातात आला. दोन्ही साइड फाळके आणि चाकांवरच्या कमानीही गेल्या होत्या.

कंपनीचा पत्रा शोधण्यात चार महिने गेले. बाहेरगावच्या एका दुकानदाराने "हाच बसतो" म्हणून पाठवलेला तळ नव्या मॉडेलचा निघाला. चासीवरच्या भोकांशी एकही भोक जुळेना, आणि वाहतुकीचे पैसे बुडाले ते बुडालेच. शेवटी गॅरेजवाल्याने अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एक शेड दाखवलं. पाटीसुद्धा नाही. टेम्पो-ट्रकचे हौदे बांधणारी माणसं.

मापाला म्हणून मी गंजलेला तळच उचलून नेला होता. मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला. "मालक, हे वाकलंय. ह्याच्यावर माप धरलं तर चुकतंय. गाडीच आणा की." गाडी नेली तेव्हा त्यांनी आधी चासीवर पुठ्ठ्याचा फर्मा कापला, बोल्टची भोकं त्यावर उमटवून घेतली आणि मगच पत्र्याला हात लावला. तळाला 16 गेज जाडीचा, फाळक्यांना त्याहून पातळ 18 गेज, दोन्ही सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा.

खरं कसब तळाच्या नाळ्यांत, म्हणजे पत्र्यावरच्या लांब खाचांत, दिसलं. कंपनीत डायखाली दाबलेल्या नाळीची तोंडं बंद असतात. बेंडिंग मशीनवर वाकवलेली नाळी मात्र दोन्ही टोकांना उघडी राहते. मिस्त्रींनी प्रत्येक तोंडाला नखाएवढा तुकडा जोडला आणि ग्राइंडर मारून असा घासला, की बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. मी सांगितलंही नव्हतं. वेल्डिंगसुद्धा सलग नाही, टाके मारत, मध्ये गार होऊ देत. सलग मारलं की पातळ पत्रा ओढला जातो आणि फाळका लाटांसारखा दिसतो.

वेळेचं मात्र सांगू नका. आठ दिवस म्हणाले, बावीस लागले. मध्ये संक्रांत आली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली, शेड बंदच. डाव्या फाळक्याची कड चार मिलिमीटर कमी भरली होती. ती त्यांनी पैसे न घेता नव्याने करून दिली. रंगाचं काम त्यांच्याकडे देऊ नका. बाहेरून रेड ऑक्साइड मारतात, पण जोडाच्या आतली बाजू तशीच बंद करतात आणि गंज तिथूनच धरतो. मी शेजारी उभा राहून आधी आतून प्रायमर मारून घेतला.

पत्रा, मजुरी धरून साडेअठरा हजार झाले. बाहेरगावच्या त्या तळावर वाहतुकीसकट घालवले त्याहून थोडेच जास्त, आणि इथे अख्खा हौदा उभा राहिला. मागचा फाळका शाबूत होता, तो जुनाच ठेवला, फक्त बिजागऱ्या बदलल्या. निघताना तळाच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायला एकेक भोक पाडून घेतलं. मॅट भंगारात दिली.