पुढचं चाक की शेपटीचं?

सेस्ना १७२ आणि पायपर कब ही दोन छोटी विमानं. दोन मुख्य चाकांशिवाय सेस्नाला नाकाखाली एक चाक असतं, कबला शेपटीखाली. कबचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. त्यामुळे टेकल्यावर विमान जरा वाकडं झालं की शेपूट पुढे यायला बघते. रडरच्या (शेपटीवरच्या, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीच्या) पेडलवरचा पाय क्षणभर सुस्तावला तर विमान गर्रकन फिरतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं. अगदी चालण्याच्या वेगातही पाय ढिला सोडायचा नाही.

सेस्नाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे, म्हणून ती सरळ व्हायला बघते. शिकायला मी तीच सुचवेन. पण जास्त वेगात जबरदस्तीने टेकवली तर नाकाचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, पुन्हा आपटतं. दोन-तीन उसळ्यांत चाक मोडू शकतं, प्रोपेलर वाकतो. अशा वेळी योक (हातातलं नियंत्रणाचं चाक) पुढे ढकलू नका; पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद) द्या आणि पुन्हा वर जा.