इंग्लंडातली चर्चवाली फूड बँक, आतून बघून लिहिलेला रिव्ह्यू (५ पैकी ४)

आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच, बहुतेक वेळा "मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणून. फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा मिळतो तिथे, आपण गेलो तर चालतं का, व्हिसाला काही होतं का, आणि चर्चमध्ये असते म्हणजे धर्माबिर्माचं काही गळ्यात मारतात का. एकदाच सगळं लिहून टाकते. मी आमच्या टाउनच्या फूड बँकेत व्हॉलंटियर आहे त्यामुळे आतलं माहितीये, पण म्हणून गोड गोड लिहिणार नाही. टाउनचं नाव मुद्दाम देत नाही, लंडनच्या पश्चिमेला आहे एवढं पुरे, जागा छोटी आहे आणि येणारी माणसं लगेच ओळखू येतात.

आधी व्हिसाचं, कारण घाबरून उपाशी राहणारी पोरं मी बघितलीत. व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी पैशांवर हक्क नाही) लिहिलेलं असतं ते सरकारी बेनिफिट्सबद्दल, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट वगैरे. फूड बँक ही चॅरिटी, लोकांनी दिलेले खाण्याचे सीलबंद डबे लोकांना वाटते, ते पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. स्टुडंट असा, डिपेंडंट असा, जाऊ शकता. आमच्याकडे तरी व्हिसा दाखवा असं कोणी कोणाला म्हणत नाही.

आता सिस्टिम. सरळ दारात जाऊन पिशवी मागायची असं नसतं (काही स्वतंत्र फूड बँका तसं देतात, पण आमची ट्रसेल नावाच्या चॅरिटीच्या नेटवर्कमधली आहे). आधी रेफरल लागतं. जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर), शाळा, सोशल वर्कर, सिटिझन्स ॲडव्हाइस (फुकट सल्ला देणारी संस्था), युनिव्हर्सिटीची स्टुडंट सपोर्टवाली टीम, यांच्यापैकी कोणीतरी व्हाउचर काढून देतं, आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच, एक कोड येतो. तो कोड घेऊन ठरलेल्या वेळी हॉलवर जायचं. तिथे दारात कोणीतरी हसून या म्हणतं, टेबलावर बसवतं, चहा बिस्कीट देतं, आणि घरात किती माणसं, लहान बाळ आहे का, काय खात नाही, ॲलर्जी आहे का, गॅस किंवा शेगडी आहे का एवढं विचारतं. शेवटचा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला विचित्र वाटला होता, पण घर नाही म्हणून काउन्सिलने (इथली नगरपालिका) बी अँड बीच्या, म्हणजे छोट्या लॉजच्या, एका खोलीत ठेवलेल्या कुटुंबाकडे फक्त किटली असते, त्यांच्यासाठी वेगळा किटली बॉक्स असतो, गरम पाणी ओतलं की होणारं सगळं. डबेसुद्धा वर ओढायची रिंग असलेलेच निवडून घालतात, कारण डबा फोडायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं.

पार्सल तीन दिवसांचं. सीरियल, सूप, पास्ता, तांदूळ, टोमॅटोचे डबे, बीन्स, भाज्यांचे डबे, फळांचे डबे, मीट किंवा मासे, यूएचटी (फ्रीजबाहेर टिकणारं) दूध, चहा किंवा कॉफी, बिस्किटं, ज्यूस. व्हेजिटेरियन सांगितलं की मीट काढून छोले आणि राजमा जास्त घालतात, कुरकुर न करता. मसाला अर्थातच नसतो, मीठसुद्धा सहसा नसतं, त्यामुळे घरी किमान हळद-तिखट-मीठ असेल तर छोल्यांचं काहीतरी होतं, नाहीतर तीन दिवस ब्रिटिश चव. एकदा कोणीतरी तूरडाळीची मोठी बॅग दिली होती, तर आमच्या गोऱ्या आज्यांनी ती सूपसाठी म्हणून पॅक केली आणि एका इंग्लिश माणसाच्या पिशवीत घातली, बिचाऱ्याने पुढे त्याचं काय केलं देव जाणे.

हे चालवतं कोण, तर इथून खरी मजा आहे, आणि ह्यासाठीच मी चार स्टार देतेय.

मी नगरची, घर ख्रिस्ती, त्यामुळे पंथा-पंथातली ओढाताण लहानपणापासून बघितलेली. आपल्याकडे १९७० साली नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स सगळे एका पाटीखाली, तरी आमची आजी जाईपर्यंत "आपण मराठी मिशनचे, ते एसपीजीचे" (पहिलं अमेरिकन मिशन, दुसरं इंग्लंडच्या अँग्लिकनांचं) असंच म्हणायची आणि लग्न जमवताना तर हमखास. कागदावर एक आणि पंगतीला वेगवेगळे. इथे नेमकं उलटं दिसलं. इथली चर्चेस एक झालेली नाहीत, होण्याची काही चिन्हंही नाहीत, बाईला पाळक (धर्मगुरू) करायचं की नाही यावर प्रत्येकाचं वेगळं, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला की मोठेपणी यावर वेगळं, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) एका टेबलावर घेता येत नाही कारण कॅथलिकांचे नियम आड येतात, आणि साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर हे दोन पंथ तर प्रभुभोजन पाळतच नाहीत. पण गुरुवारी हॉल उघडायचा म्हटलं की सगळे हजर.

आणि काम कसं वाटलंय बघा. हॉल बाप्टिस्टांचा, कारण त्यांच्याकडेच पायऱ्या नाहीत, बाबागाडी आणि व्हीलचेअर सरळ आत येते. अँग्लिकन चर्च आठशे वर्षं जुनं, सुंदर, आणि फ्रीजसारखं गार, तर तिथे गोडाऊन, डबे थंडीत टिकतात. व्हॅन साल्व्हेशन आर्मीची. हिशेब एक रिटायर्ड क्वेकर बघतात, त्यांच्या हातून पेनी सुटत नाही. घरपोच पार्सल कॅथलिकांच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल या सेवा संस्थेवाले पोचवतात, त्यांची घरी भेटायला जायची पद्धत फार जुनी आहे. मेथडिस्टांकडे किचन, म्हणून चहा आणि सूप त्यांचं. आणि जे नायजेरियन पेंटेकोस्टल चर्च आहे, ज्यांची स्वतःची इमारतच नाही, शाळेच्या हॉलमध्ये भाड्याने भरतात, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त तरुण हात, वजन उचलायला तेच. सीरो-मलबारच्या (केरळी कॅथलिक) मल्याळी नर्सेस नाइट शिफ्ट करून सकाळी सॉर्टिंगला येतात, त्या झोपतात कधी हे मला अजून कळलेलं नाही.

यामागे एक जुनी भानगड आहे, ती मला आमच्या मेथडिस्ट बाईंनी पास्ताच्या पिशव्या मोजता मोजता सांगितली. १९५२ साली स्वीडनमध्ये लुंडला वेगवेगळ्या चर्चेसची एक मोठी परिषद झाली, तिथे असा विचार मांडला गेला की ज्या गोष्टींत श्रद्धेचे खोल मतभेद आहेत तेवढ्या सोडून बाकी सगळं चर्चेसनी एकत्रच का करू नये. म्हणजे एकत्र काम करायला कारण लागता कामा नये, वेगळं करायला लागलं पाहिजे. पुढे इंग्लंडमध्ये १९९० मध्ये या एकत्र कामात कॅथलिकही सामील झाले आणि गावोगावी "चर्चेस टुगेदर" नावाचे ग्रुप तयार झाले. बऱ्याच टाउनमध्ये फूड बँक, हिवाळ्यात सात रात्री सात चर्चेसमध्ये फिरणारा नाइट शेल्टर, असल्या गोष्टी याच ओळखीपाळखीतून उभ्या राहिल्या. स्ट्रीट पास्टर्सही त्याच जातकुळीतले, २००३ ला लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये सुरू झाले, शनिवारी रात्री पबच्या बाहेर पाणी वाटतात आणि हील्स हातात घेऊन अनवाणी चाललेल्या पोरींना चपला देतात. तो रिव्ह्यू वेगळा लिहावा लागेल.

ट्रसेलची सुरुवातही घरगुतीच. सॉल्सबरीचं एक जोडपं, कॅरल आणि पॅडी हेंडरसन, १९९७ मध्ये बल्गेरियातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी काम सुरू केलं, आणि २००० साली त्यांच्याच गावातल्या एका आईचा फोन आला की माझी मुलं आज उपाशी झोपणार आहेत, तुम्ही त्याचं काय करणार. तिथून पहिली फूड बँक. २०२३-२४ मध्ये या नेटवर्कने ३१ लाखांच्या आसपास पार्सलं वाटली. हा आकडा अभिमानाने सांगायचा की लाजेने, यावर आमच्या कमिटीत दर एजीएमला वाद होतो आणि तो वाद मला बरा वाटतो. निदान कोणी केक कापत नाही.

आता धर्माचा प्रश्न. खरं सांगते, सुरुवातीला आमच्याकडे त्रास झाला. एका चर्चची उत्साही मंडळी पिशव्यांमध्ये बायबल कोर्सची पत्रकं सरकवायची आणि चहाच्या टेबलावर "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का" असं थेट विचारायची. आता भुकेला माणूस नाही कसं म्हणेल, अडला हरी. एक मुस्लिम बाई मान खाली घालून बसून राहिली होती ते मी स्वतः बघितलं, पिशवी मिळेपर्यंत तिने मान वर केली नाही. मीटिंगमध्ये जोरदार खडाजंगी झाली, एक बाजू म्हणाली सुवार्ता (येशूचा संदेश) सांगायची नसेल तर आपण काउन्सिलचं ऑफिस झालो, दुसरी म्हणाली पास्ता देऊन आत्मे विकत घेता का. शेवटी ठरलं ते असं की पिशवीत कागद नाही, टेबलावर विचारणं नाही, कोपऱ्यात एक खुर्ची आणि एक पाटी, कोणाला प्रार्थना हवी असेल तर त्याने स्वतः तिथे जाऊन बसायचं. काही जण रुसून गेले, त्यातले बरेचसे परत आले. आणि गंमत म्हणजे ती खुर्ची रिकामी नसते. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, आमच्याकडे आता कोणी काही गळ्यात मारत नाही. दुसऱ्या टाउनची गॅरंटी मी देणार नाही, कोणी विचारलंच तर "नो, थँक यू" एवढंच म्हणा, पार्सल त्यावर अवलंबून नसतं.

एक स्टार कापलाय त्याची कारणं. पहिलं म्हणजे वेळ. आठवड्यातले दोन दिवस, तेही दुपारी दोन-दोन तास. व्हॉलंटियर बहुतेक रिटायर्ड, त्यांना ती वेळ सोयीची, पण येणाऱ्यांमध्ये नोकरी करणारे किती असतात बघा, केअर वर्कर, वेअरहाउसवाले, डिलिव्हरीवाले, त्यांनी शिफ्ट बुडवून पिशवी आणायची का. संध्याकाळचा एक स्लॉट हवा असं मी कधीपासून म्हणतेय, चावी कोणाकडे राहणार यावर गाडं अडतं. सात पंथांचं देवाबद्दल जमलं, चावीबद्दल जमेना.

दुसरं, रेफरल. त्याचा फायदा मला पटतो, कारण रेफर करणारा माणूस कर्ज, भाडं, बेनिफिट अडकलंय का हेही बघतो, आणि आमच्याकडे हॉलमध्येच एक सल्लागार बसतात, कितीतरी लोकांचे अडकलेले पैसे त्यांनी सोडवलेत. पण जीपीचा फोन लागायलाच सकाळ जाते, आणि शुक्रवारी दुपारी पैसे संपलेल्या माणसाला सोमवारपर्यंत थांब म्हणणं बरोबर नाही. अशा वेळी मी गुपचूप गुरुद्वाऱ्याचा पत्ता देते. लंगरमध्ये कोड लागत नाही, रेफरल लागत नाही, डोकं झाकायचं आणि पंगतीत बसायचं, गरम डाळ-रोटी. या बाबतीत ते लोक आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत, आणि हे मी चर्चवाली असून लिहितेय.

तिसरं, ताजं काही नाही. भाजी, अंडी, ब्रेड कधी सुपरमार्केटकडून आलं तर आलं. डब्यातल्या गाजरावर कोणाचं पोट भरत असेल पण जीव भरत नाही. बेक्ड बीन्स मात्र इतके येतात की भिंत बांधावी.

ज्यांना द्यायचंय किंवा मदतीला यायचंय त्यांच्यासाठी. सॉर्टिंगला या, ते काम डोक्याला शांत करणारं आहे. येणारा प्रत्येक क्रेट आधी वजनकाट्यावर, मग प्रत्येक डब्याची तारीख शोधायची (ट्यूना कंपन्या ती अशा जागी छापतात की चष्मा लावूनही दिसत नाही), जाड मार्करने महिना आणि वर्ष वर लिहायचं आणि महिन्याप्रमाणे क्रेट लावायचे, जुनं आधी बाहेर. ख्रिस्ती असायची गरज नाही, आमच्याकडे एक गुजराती काका येतात आणि एक जण तर पक्का नास्तिक, पाळकांशी वाद घालायला म्हणूनच येतो की काय अशी मला शंका आहे.

द्यायचं असेल तर बीन्स आणि पास्ता सोडून द्या. यूएचटी दूध, फळांचे डबे, छोटं तेल, साखर, कपड्यांचा साबण, टॉयलेट रोल, शेव्हिंगचं सामान, सॅनिटरी पॅड, मोठ्या साइजच्या नॅपी, हे नेहमी कमी पडतं. आणि सगळे देतात तेव्हा नका देऊ. सप्टेंबर-ऑक्टोबरला हार्वेस्ट फेस्टिव्हल (सुगीचा सण) असतो, तेव्हा प्रत्येक चर्च आणि शाळा डबे आणून ओततात, ख्रिसमसला परत तेच, अँग्लिकनांच्या गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. खरी ओढ लागते ती जुलै-ऑगस्टमध्ये, शाळेला सुट्टी म्हणजे मुलांचं शाळेतलं फुकट जेवण बंद, आणि देणारे स्पेनला गेलेले. तेव्हा टेस्को सुपरमार्केटच्या दारातल्या क्रेटमध्ये एक पिशवी टाका, आणि जमलंच तर त्यात मिठाची एक पुडी घाला.