उपाशीपोटीच्या आकड्याने काय लपवले: ग्लुकोमीटरचा आठ महिन्यांचा अनुभव

टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन मला सहा वर्षे झाली, परंतु घरी ग्लुकोमीटर (बोटातल्या रक्ताच्या थेंबातून साखर मोजणारे यंत्र) आला तो आठ महिन्यांपूर्वी. तोवर मी महिन्यातून एकदा खानापुरातच उपाशीपोटी रक्त तपासून घेत असे आणि साखरेचा आकडा ११५ ते १२५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या दरम्यान आला की निश्चिंत होत असे. मग एचबीए१सी ८.१ टक्के आले. ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. सकाळचा आकडा बरा असूनही ती वाढलेली आहे, म्हणजे दिवसा कधीतरी साखर चढते आहे, असे डॉक्टरांनी समजावले.

तरीही पहिले तीन आठवडे मी रोज पहाटेच तपासत राहिले आणि यंत्रात घालायच्या, एकदाच वापरता येणाऱ्या पट्ट्या वाया घालवल्या. नंतर जोडीने तपासणी सुरू केली: जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. (हे दोन तास जेवण आटोपल्यापासून मोजायचे नसतात, हे मला ठाऊक नव्हते.) एका दिवशी न्याहारी, दुसऱ्या दिवशी दुपार, तिसऱ्या दिवशी रात्र. रात्री जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी खाल्ल्यावर आकडा १६० च्या आसपास राही, तर दुपारच्या भात-आमटीनंतर तो २३८ झाला. जेवणानंतर १८० च्या आत राहावे, असे मला सांगितले होते. आमच्या भातपिकाच्या तालुक्यात ताटातून भात काढून टाकणे मला जमणारे नव्हते. म्हणून तो निम्मा केला, सोबत उसळ वाढवली आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालू लागले. तीन आठवड्यांनी त्याच वेळचा आकडा १७४ होता.

या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मात्र रोप लावणीच्या दिवसांत झाला. मी ग्लिमेपिराइड घेते; या गोळीने साखर कधी कधी फार खालीही जाऊ शकते. शेतावर जेवण लांबले, घाम फुटला, हात कापू लागले. थकवा समजून मी बसूनच राहिले असते, पण तपासले तर ६४. सत्तरच्या खाली साखर जाणे धोक्याचे असते. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी आकडा ९२ झाला आणि मग जेवले. ती नोंद पाहून डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळापत्रक बाजूला ठेवून अस्वस्थ वाटताच तपासावे, असे मी कळकळीने सांगते.

अचूकतेविषयी समाधान आहे. उपाशीपोटी एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांत यंत्राने १३१ आणि प्रयोगशाळेने १२३ दाखवले. एवढा फरक चालतो. बेळगावहून आलेला कुंदा (दुधाची मिठाई) नातवंडांच्या हातावर ठेवून, बोटे नुसती पुसून तपासले तेव्हा मात्र २१४ आले, आणि साबणाने हात धुऊन कोरडे केल्यावर १३९. पट्ट्यांच्या डबीचे झाकण आमच्या पावसाळ्यात क्षणभरही उघडे ठेवू नये, कारण दमटपणाने पट्ट्या खराब होतात. टोचताना बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचल्यास दुखणे बरेच कमी होते.

यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्ट्यांचा खर्च मात्र चालूच राहतो. सध्या एचबीए१सी ७.२ असल्याने मी आठवड्यातून दोनच जोड्या तपासते. गोळी बदलली किंवा ताप आला तर जास्त. वहीत आकड्याशेजारी त्या वेळी काय खाल्ले तेही लिहिते, आणि डॉक्टर आधी तोच रकाना वाचतात.