जुन्या 407 चे गंजलेले बाहेरचे नटबोल्ट बदलले: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमची टाटा 407 ही छोटी मालवाहू गाडी 2007 ची असून राळेगावच्या बाजूला ती खरिपाच्या तोंडावर खताच्या गोण्या, दिवाळीनंतर कापूस आणि एरवी मिळेल तो माल वाहते. कापसाने गाडी गंजत नाही, खताने गंजते. फाटक्या गोणीतून सांडलेला युरिया किंवा पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतो आणि ते खताचे पाणी पट्टी व बोल्ट यांच्या फटीत मुरते. गेल्या मे महिन्यात गाडी खड्ड्यात आदळताच डावीकडचा आरसा ब्रॅकेटसकट लोंबकळला, तेव्हा आरसे, मडगार्डच्या पट्ट्या आणि नंबरप्लेट यांचे सगळे नटबोल्ट एकदमच बदलायचे ठरवले.

खरी मेहनत जुने काढण्यातच गेली. सलग दोन संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारले, तरी 22 पैकी 9 बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. मडगार्डखालच्या नटांचे कोपरे गंजाने इतके खाल्ले होते की 13 चा पाना नुसता गरगर फिरत होता.

आरशांना 8 एमएमचे 304 स्टेनलेस बोल्ट आणि त्याच धातूचे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) लावले, तर मडगार्डला झिंक चढवलेले 8.8 या ताकदीच्या ग्रेडचे पोलादी बोल्ट. पहिलाच स्टेनलेस नट मिस्त्रींनी मशीनने भरकन आवळला आणि तो अर्ध्यावरच जाम झाला. कोरड्या स्टेनलेसवर स्टेनलेस वेगाने फिरले की आटे एकमेकांत रुततात, हे तेव्हा कळले. तो कोरा बोल्टही कापला आणि पुढचे सगळे ग्रीस लावून हाताने आवळले.

आज दहा महिन्यांनी, एक पूर्ण पावसाळा अंगावर घेऊनही, स्टेनलेसचे बोल्ट चकचकीत आहेत. मात्र डाव्या आरशाखाली पांढऱ्या रंगावर तांबूस ओघळ उतरला आहे. दोष बोल्टचा नाही, माझा आहे. भोक मोठे केल्यावर उघड्या पडलेल्या कडेला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, लावायचे राहून गेले होते. उजवीकडे ते लावून वर रुंद वायसर बसवला होता, तिथे डागसुद्धा नाही.

मडगार्डच्या बोल्टवर आधी पांढरी भुकटी आली आणि मग डोक्यावर गंज चढला. झिंकचा हा थर काही मायक्रॉनचाच असतो आणि चाकाने उडवलेली गिट्टी तो खरवडून काढते. तरीही ग्रीसमुळे परवा एक नट साध्या पान्याने सुटला, जे जुन्या नटांच्या बाबतीत अशक्य होते.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टना मात्र मी हात लावला नाही. दुकानदार तिथेही स्टेनलेस सुचवत होता, पण बाजारात सहज मिळणाऱ्या ए2-70 (304 च्याच वर्गातल्या) स्टेनलेसची ताणशक्ती 700 आणि 8.8 ची 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. भार पेलणाऱ्या जागी चमक पाहून बोल्ट निवडू नये, एवढे मला पटले होते.

खताच्या फेऱ्या सुरू होण्याआधी मडगार्डला आता हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेले) बोल्ट लावणार आहे. त्यांचा थर जाड असल्याने साधा नट त्यांच्यावर चढत नाही, म्हणून नटही त्याच जोडीचे मागवले आहेत. डाव्या आरशाचा ब्रॅकेटही त्याच दिवशी उतरवून भोकाची कड घासायची आणि राहिलेले रेड ऑक्साइड लावायचे आहे.