पेनरिथ पँथर्सचे प्लेअर प्रोफाइल: कट्ट्यावरच्या फुटबॉलवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी रग्बीवाला नाही. आपण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवाले, पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी फुटबॉल मॅच असली की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून सुटणारे. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला ती सात-सात जणांची रग्बी प्रीमियर लीग झाली, ती मोबाईलवर बघितली, आणि तिथनं पुढं यूट्यूब जे मागं लागलं ते ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलवर, म्हणजे नॅशनल रग्बी लीगवर नेऊनच थांबलं. रग्बी लीग हे खेळाचंच नाव, तेरा-तेरा जणांचा. तिकडं शुक्रवारी रात्री आठची मॅच म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेतीन, त्या वेळेला हार्डवेअरच्या दुकानात माशी पण फिरकत नाही. मग काय, बसलो बघत.

पण पोरं कुठली, कोण कुणाचा, काय कळंना. सगळेच मानेपेक्षा डोकं बारीक असलेले गडी. म्हणून एका क्लबचे प्लेअर प्रोफाइल उघडले, सिडनीकडच्या पेनरिथ पँथर्सचे, आणि गेले चार महिने तेच वाचतोय. हा रिव्ह्यू त्याचा. पाचपैकी चार तारे, एक का कापला ते खाली येईलच.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. बॉल घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडलं की उठून बॉल जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागं सरकवायचा, परत पळायचं. असं सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांना. कबड्डी बघितलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतंय. समोरच्यांच्या रेषेपलीकडं नेऊन टेकवला की ट्राय, त्याचे 4 पॉइंट, वरची किक बसली की आणि 2. आणि हा खेळ पंधरा जणांच्या रग्बीतनं फुटला कशावरनं माहितीय का, पगारावरनं. 1895 मध्ये इंग्लंडात हडर्सफील्डला उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, कारण गिरणीत नि खाणीत राबणारी पोरं शनिवारी मॅचला आली की खाडा पडायचा, आणि खाड्याचे पैसे द्यायला वरच्या मंडळींचा विरोध होता. इचलकरंजीत मागावर काम करून इकडं खेळायला येणारी पोरं मी बघितल्यात, त्यामुळं हे वाचल्यावर टीम लगेच आपलीच वाटली.

आता प्रोफाइल. उंची, वजन, जन्मतारीख हे असतंच, ते काय कुठंही असतंय. मला आवडली ती ज्युनिअर क्लबची ओळ. गडी पहिल्यांदा कुठल्या मैदानावर खेळला ते. आयझाया येओ, कॅप्टन, तो डब्बोचा, म्हणजे सिडनीपासनं चारेकशे किलोमीटर आत. लियाम मार्टिन टेमोराचा, ते पण असंच शेतीवाडीतलं गाव, आणि 2024 च्या फायनलचा मॅन ऑफ द मॅच हा गावचा गडी. त्याचं जे मेडल मिळतं त्याला क्लाइव्ह चर्चिल मेडल म्हणतात. आपल्याकडं अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला तेव्हा अख्खं कोल्हापूर कॉलर ताठ करून फिरत होतं, पण तो लहानपणी कुठल्या मैदानावर बॉल मारायचा हे विचारलं तर कट्ट्यावर चार माणसं चार उत्तरं देतील. तिकडं ते लिहून ठेवलेलं असतंय. बस, एवढंच पाहिजे असतंय.

दुसरं म्हणजे आकडे. फुटबॉलवाल्याला गोल कळतो, फार फार तर पास. इथं पळालेले मीटर वेगळे, आणि धरल्यानंतर समोरच्याला अंगावर घेऊन ओढत नेलेले मीटर वेगळे मोजतात. हे मला लई पटलं. ब्रायन टोओ बघा, विंगर, उंचीनं त्या कळपात बारका वाटतो, पण एका मॅचमध्ये दोनशे मीटर हे त्याच्या बाबतीत नवल नाही, आणि पहिल्या धडकेत पडायचं त्याला माहीतच नाही. आपल्या मातीतला पैलवान कमरेत हात बसल्यावर पण दोन पावलं टाकतो ना, ती दोन पावलं इथं मोजलेली असतात. आणि येओ मधला माणूस, तेरा नंबर, हे असले गडी मॅचला तीसचाळीस वेळा समोरच्याला पाडतात आणि हायलाइटमध्ये एकदाही दिसत नाहीत. पण आकड्यात दिसतात. सुटलेले टॅकल, म्हणजे पाडायला गेले आणि गडी निसटला ते, हातातनं पडलेले बॉल, ते पण लपवत नाहीत.

नंबरवरनं आठवलं. इथं जर्सीचा नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. फुलबॅक 1, हाफबॅक 7, हूकर 9, पुढचे दोन दांडगे प्रॉप 8 आणि 10. त्यामुळं "सात नंबर कोण रे" असं विचारायचंच नाही, आज सातच्या जागेवर कोण खेळतोय ते विचारायचं. मला हे कळायला तीन मॅच गेल्या.

आणि सात म्हणजे नेथन क्लिअरी. ह्याच्यावरच माझा तारा गेला. प्रोफाइल वाचलं तर 2016 ला पदार्पण, कोच इव्हान क्लिअरी त्याचा बाप, तेच फायनलचं मेडल 2021 आणि 2023 ला, सगळं बरोबर. पण 2023 ची फायनल बघितलेल्या माणसाला ह्यातनं काय मिळणार? ब्रिस्बेन 24, पँथर्स 8, शेवटची वीसेक मिनिटं, ब्रिस्बेनवाले नाचायच्या तयारीत, आणि ह्या गड्यानं मॅच एकट्यानं उचलून आणली. शेवटचा ट्राय स्वतः, वरची किक पण स्वतः, 26-24. तालमीत बापच वस्ताद असलेल्या पोराला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते आपल्या पेठेत कुणालाही विचारा, वशिल्याचा म्हणून पहिली शिवी बसते. ते सगळं "पदार्पण 2016" एवढ्या ओळीत कसं मावणार. आकड्यांच्या खाली चार वाक्यं माणसासारखी पाहिजेत राव. 2021 ते 2024 सलग चार वेळा चॅम्पियन झालेल्या टीमकडनं एवढी अपेक्षा चालतीय.

तरी पण हे बघून डोक्यात किडा आलाच. म्हणलं आपल्या मंडळाच्या पोरांचे असे प्रोफाइल करायचे. आपल्याकडं खेळाडूची ओळख म्हणजे चौकातला फ्लेक्स, गॉगल, मागं वाघ, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो, आणि पोरगं खेळतं कुठल्या जागेवर ते कुठंच नाही. मी वहीत सगळं लिहून काढलं, जागा, वजन, पहिलं मैदान, आणि एका प्रिंटिंगवाल्याकडं दिलं. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. साधं पांढरं ठेव म्हणून तीनदा सांगितलं. घेऊन आला तर मागं ज्वाळा. आणि आमचा स्टॉपर, 72 किलोचा गडी, कार्डावर 27 किलो. प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं होतं तेव्हा मी नेमका मॅच बघत होतो, नुसता अंगठा पाठवला, त्यामुळं बोलायला तोंड नाही. पोराची आई कार्ड बघून म्हणाली, "अवो, लोक म्हणतील ह्याला घरात खायाला घालत न्हाईत."

पैसे पूर्ण दिले. परत छापून घेतलं, ज्वाळा तशाच ठेवल्या कारण पोरांना आवडल्या. पण स्टॉपर कार्ड हातात घेऊन मला विचारतोय, "काका, त्या येओच्या पानावर टॅकल किती केले ते हाय की, माझ्या का न्हाय?" आता ते मोजणार कोण? पुढच्या मॅचला मी नि आमच्या गल्लीतले रिटायर मास्तर वही घेऊन बसणार आहे, अर्धी मॅच त्यांनी मोजायची, अर्धी मी. मास्तरांना चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला सांगितलंय.